देशाच्या नकाशा-व्यवस्थेची प्रगती मोजायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाविषयी या सदरात लिहिल्यानंतर बरीच पत्रे आली. भूस्थानिक, म्हणजे जमिनीवरील जागेशी जोडलेल्या, माहितीची व्यवस्था उभारण्यात कोणता देश पुढे आहे, कोणता मागे आहे आणि हे ठरवायचे कशावरून, याकडेच बहुतेकांचा रोख होता. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. लांब पत्रांतील प्रश्नाचा गाभा तेवढा घेतला आहे.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात ‘एनएसडीआय’ हा शब्द वारंवार भेटतो, पण ते संकेतस्थळ आहे, खाते आहे की कायदा, हे उमगत नाही. मानवी विकास निर्देशांकासारखी याचीही देशांची क्रमवारी लागते का? लागत असल्यास भारत कितवा? (विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : एनएसडीआय म्हणजे राष्ट्रीय भूस्थानिक माहितीची पायाभूत व्यवस्था, आणि आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टी तिचे भाग असू शकतात. गावाची शीव, नदीचे पात्र, रस्ता, जमिनीची उंची, घराचा पत्ता, शेताचा गट ही माहिती वेगवेगळी खाती आपापल्या गरजेपुरती गोळा करतात. एका खात्याने कालव्यासाठी जमिनीची उंची मोजलेली असते. त्याच भागात रस्ता आखणाऱ्या दुसऱ्या खात्याला त्याचा पत्ता नसतो, आणि असला तरी ती मोजणी कोणत्या मापनतळावर, म्हणजे कोणती पातळी शून्य धरून, केली हे माहीत नसल्याने तिचा उपयोग करता येत नाही. मग तेच काम नव्या खर्चाने पुन्हा होते. एकाने गोळा केलेली माहिती दुसऱ्याला सापडावी, समजावी, कायद्याने वापरता यावी आणि त्याच्या स्वतःच्या माहितीशी जुळावी, यासाठी मानके, माहितीच्या नोंदसूची, कायदे, निधी, पोर्टल आणि प्रशिक्षित माणसे यांची देशपातळीवर बसवलेली घडी म्हणजे एनएसडीआय.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ११ एप्रिल १९९४ रोजी काढलेल्या १२९०६ क्रमांकाच्या कार्यकारी आदेशाने या कल्पनेला सरकारी रूप आले, आणि तिचा जगभर प्रसार होण्यास तेथून वेग आला. भारतात विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये आराखडा तयार झाला आणि २००६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. युरोपीय संघाने २००७ मध्ये ‘इन्स्पायर’ निर्देश काढून सदस्यदेशांना या कामाची कायदेशीर सक्ती केली. ब्राझीलने २००८ मध्ये फर्मान काढले.

आता क्रमवारीचे. मानवी विकास निर्देशांकासारखी, संयुक्त राष्ट्रांनी दरवर्षी जाहीर केलेली अशी यादी या विषयात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या भूस्थानिक माहितीविषयक तज्ज्ञ समितीने जागतिक बँकेच्या सहकार्याने २०१८ पासून ‘एकात्मिक भूस्थानिक माहिती चौकट’ पुढे आणली असून तिच्यात प्रशासन, कायदा, वित्त, माहिती, नवोपक्रम, मानके, भागीदारी, क्षमताबांधणी आणि लोकसंवाद अशा नऊ वाटा आखून दिल्या आहेत. प्रत्येक देशाने या नऊ वाटांवर आपण कोठे आहोत हे स्वतः तपासावे आणि कृती आराखडा करावा, असा तिचा हेतू आहे. देशांना एका रांगेत उभे करणे हा नाही. उद्योगजगताशी निगडित संस्था मात्र वेळोवेळी क्रमवारी प्रसिद्ध करतात आणि त्यांत धोरण, शिक्षण, उद्योगाची वाढ, तंत्रज्ञानाचा स्वीकार अशा अनेक गोष्टींची बेरीज असते. अशा यादीत एखादा देश वर चढला म्हणजे तेथील उद्योगाला बरे दिवस आले असे कदाचित म्हणता येईल. पण तेथील एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला मिळू लागली, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

अभ्यासकांनी या प्रश्नाला निरनिराळ्या दिशांनी हात घातला आहे. इयन मॅसर यांनी १९९९ मध्ये पोर्तुगाल, कतार, मलेशिया, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आदी अकरा देशांच्या पहिल्या पिढीतील व्यवस्था शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि कोणत्याही दोन सारख्या नाहीत हे त्यातून ठळकपणे दिसले. क्यूबाच्या ततियाना देल्गादो फर्नांदेस यांनी ‘सज्जता निर्देशांक’ मांडला. त्यात देशाकडे काय तयार आहे यापेक्षा संघटन, माहिती, मनुष्यबळ, तंत्रज्ञान आणि पैसा यांच्या बळावर काम सुरू करण्याची तयारी किती आहे, हे पाहिले जाते. साधनांची चणचण असलेल्या देशातून ही मोजपट्टी यावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण श्रीमंत देशांनी बनवलेल्या मोजपट्टीवर गरीब देश नेहमीच तळाला दिसतो. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाच्या गटाने २००२ पासून युरोपातील बत्तीस देशांचा ‘सद्यःस्थिती’ अभ्यास केला. पुढे २००८ मध्ये योएप क्रॉम्पवूट्स, अब्बास रजाबिफर्द आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की ही व्यवस्था इतकी गुंतागुंतीची आणि सतत बदलणारी आहे की एकाच दृष्टिकोनातून तिचे मोजमाप अपुरेच राहील. म्हणून अनेक पद्धती एकाच वेळी लावाव्यात आणि त्यांच्या उत्तरांत जेथे विसंगती दिसेल तेथे थांबून कारण शोधावे. ‘भारत कितवा’ या प्रश्नाला एक आकडा देण्याचे मी टाळतो ते याच कारणाने.

प्रश्न : मी मूळचा सोलापूरचा, नेदरलँड्समध्ये जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली) अभियंता म्हणून काम करतो. ‘इन्स्पायर’च्या अहवालांत देशोदेशींचे निर्देशक टक्क्यांत दिलेले असतात आणि दरवर्षी ते सुधारतातही. पण माझ्या ओळखीच्या अनेक नियोजकांनी ते पोर्टल कधी उघडलेले नाही. मग हे टक्के नेमके काय मोजतात? (वाचक, उत्रेख्त)

उत्तर : आपला प्रश्न या विषयाच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘इन्स्पायर’ने तीन परिशिष्टांत मिळून चौतीस विषय ठरवले आणि त्यांची माहिती समान मानकांनुसार उपलब्ध करून देण्यासाठी टप्प्याटप्प्याने मुदती घातल्या. देखरेखीसाठी २००९ च्या निर्णयाने जे निर्देशक ठरले त्यांत मेटाडेटा, म्हणजे माहितीसंचाविषयीची माहिती, आहे का, तो मानकांप्रमाणे आहे का, माहितीसंच देशाचा किती भाग व्यापतो, सेवा उपलब्ध आहेत का, यांबरोबर सेवांचा वापर किती होतो हेही एक सदर होते. २०१९ च्या नव्या निर्णयानंतर निर्देशक मेटाडेटावरून आपोआप काढले जाऊ लागले. देशांचा कागदोपत्री ताप कमी झाला, आकडे एकसारखे झाले, ही जमेची बाजू आहेच. पण वापर हा विषय आकड्यांतून निघून प्रत्येक देशाने लिहायच्या वर्णनात गेला. यंत्राला मेटाडेटा वाचता येतो. एखाद्या नियोजकाने तो नकाशा उघडून त्यावर निर्णय घेतला की नाही, हे यंत्राला वाचता येत नाही.

टक्क्यांतील दुसरी अडचण छेदाची आहे. मानकांशी जुळणारे संच भागिले एकूण नोंदवलेले संच, असे हे गणित असते; आणि किती संच नोंदवायचे हे बऱ्याच अंशी देशाच्या हाती असते. समजा, एका देशाने राष्ट्रीय पातळीवर एकत्र केलेले १०० संच नोंदवले आणि त्यांतील ९० मानकांत बसले, तर त्याला ९० टक्के मिळतात. दुसऱ्याने प्रामाणिकपणे गावोगावचे १०,००० संच नोंदवले आणि त्यांतील ६,००० बसले, तर तो ६० टक्क्यांवर राहतो. प्रत्यक्षात त्याने शंभरपट कामाचा पसारा उघड्यावर मांडलेला असतो. हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. जर्मनीत संघराज्य पद्धतीमुळे नियोजनाचे अधिकार स्थानिक संस्थांकडे आहेत आणि तेथे एकेका नगरपालिकेचा एकेक बांधकाम आराखडा स्वतंत्र संच म्हणून नोंदला गेल्याने सूची प्रचंड फुगली आहे. आपल्या नेदरलँड्समध्ये एकेका विषयाची माहिती देशपातळीवर एकवटून दिली जाते, त्यामुळे सूची आटोपशीर आहे. या दोन देशांचे टक्के शेजारी ठेवून कोणी पुढचा-मागचा ठरवू लागला, तर त्याने कामाची नव्हे, दोन देशांच्या राज्यरचनेची तुलना केली असे होईल.

पोर्टल असणे आणि ते वापरात असणे यांतील अंतर क्रॉम्पवूट्स यांनी फार आधी दाखवून दिले होते. जगभरच्या राष्ट्रीय माहिती-केंद्रांच्या संकेतस्थळांची त्यांनी काही वर्षे सातत्याने पाहणी केली, आणि अशी केंद्रे काढणाऱ्या देशांची संख्या वाढत असतानाच त्यांतील अनेकांचा वापर, देखभाल आणि आशय उतरणीला लागल्याचे त्यांना आढळले. उद्घाटनाला निधी असतो, पुढच्या वर्षी तो आटतो. केंद्र माहिती देणाऱ्याच्या सोयीने बांधलेले असते, घेणाऱ्याच्या नाही. जो अहवाल फक्त ‘केंद्र आहे की नाही’ असे विचारतो, त्याला ही घसरण कधीच दिसणार नाही.

खरे तर आपण राहता त्या देशाने या प्रश्नाला ‘इन्स्पायर’च्या बाहेर जाऊन उत्तर दिले आहे आणि ते मला कोणत्याही निर्देशकापेक्षा मोलाचे वाटते. तेथे पत्ते आणि इमारती, मोठ्या प्रमाणमापाचे स्थलदर्शक नकाशे, जमिनीची मालकी यांच्या ‘मूळ नोंदवह्या’ कायद्याने ठरल्या आहेत. सरकारी संस्थेने आपल्या कामात हीच माहिती वापरली पाहिजे, दुसरी स्वतंत्र गोळा करायची नाही. आणि वापरताना चूक असल्याची शंका आली तर ती कळवली पाहिजे, असे बंधन आहे. यामुळे वापर हा अपवाद न राहता रोजचा व्यवहार झाला आणि वापरणाराच माहितीचा राखणदार बनला. आपल्या ओळखीच्या नियोजकांनी ‘इन्स्पायर’चे पोर्टल उघडले नसेल, पण त्यांनी इमारतींच्या नोंदवहीतील माहिती कालच वापरली असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे तेथील व्यवस्था निकामी ठरवण्याची घाई मी करणार नाही. निर्देशक चुकीच्या दारावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची गणती करत आहे, एवढेच मी म्हणेन.

प्रश्न : या बहुतेक मूल्यमापनांत सरकारच प्रश्नावली भरते आणि सरकारच गुण घेते. त्याचा भरवसा कसा धरावा? (निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

उत्तर : स्वमूल्यांकन सर्वस्वी टाकाऊ नाही, संयुक्त राष्ट्रांची चौकट त्याच पायावर उभी आहे आणि आपल्याच खात्यांना एकत्र बसवून प्रश्नांची उत्तरे शोधायला लावणे, हा त्यातील खरा लाभ असतो. पण त्यावरून देशादेशांची तुलना करू नये, कारण एकच परिस्थिती एका देशाचा अधिकारी ‘अंशतः पूर्ण’ म्हणून नोंदवतो आणि दुसऱ्या देशाचा ‘पूर्ण’ म्हणून.

बाहेरच्याने गुण देण्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. क्लिंटन यांच्या आदेशाला वीस वर्षे उलटल्यावर सर्वेक्षक, नकाशाशास्त्रज्ञ, स्थानिक प्रशासनातील अधिकारी आदींच्या व्यावसायिक संघटनांच्या आघाडीने वायोमिंगचे माजी गव्हर्नर जिम गेरिंजर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ मंडळ नेमून २०१५ मध्ये देशाच्या व्यवस्थेचे चक्क प्रगतिपुस्तक काढले. एकूण श्रेणी मिळाली ‘सी उणे’. जमीनधारणेच्या, म्हणजे मालकीच्या तुकड्यांच्या थराची (नकाशावरील एकेका विषयाच्या माहितीला थर म्हणतात) श्रेणी तर त्याहूनही खालची होती, कारण ही माहिती तीन हजारांहून अधिक काउंट्यांकडे (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागांकडे) विखुरलेली आहे आणि ती एकत्र आणण्याचे अधिकार व पैसा कोणाकडेच नीट सोपवलेला नव्हता. ज्या देशाने ही कल्पना जगाला दिली त्याच्या पदरी त्याच्याच व्यावसायिकांनी अशी श्रेणी घालावी आणि ती उघडपणे छापावी, याबद्दल मला आदर वाटतो.

त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने भूस्थानिक माहिती कायदा केला. आता प्रमुख संस्थांना आपापल्या जबाबदारीच्या थरांबाबत ‘अपेक्षा पूर्ण केल्या’, ‘प्रगती आहे’ की ‘अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत’ असा शेरा मिळतो आणि त्या संस्थांचे महानिरीक्षक दर दोन वर्षांनी लेखापरीक्षण करतात. आपल्याकडे असा लेखाजोखा घेण्यास महालेखापरीक्षकांसारखी घटनात्मक यंत्रणा तयार आहे. तिने जमीन, रस्ते आणि पाणी या तीन थरांपासून जरी सुरुवात केली, तरी भरवशाचा प्रश्न बराच सुटेल.

प्रश्न : सरकारने नकाशे आणि माहिती मोफत केली की प्रगती झाली, असे धरावे का? (वाचक, पणजी)

उत्तर : मोफत करणे ही मोठी पायरी आहे, पण तिचा परिणाम मोजला पाहिजे, आणि तो मोजता येतो. डेन्मार्कने २००२ मध्ये देशातील सर्व पत्त्यांची माहिती अक्षांश-रेखांशांसह मोफत केली. २०१० मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की २००५ ते २००९ या पाच वर्षांत समाजाला सुमारे ६.२ कोटी युरोचा थेट आर्थिक लाभ झाला आणि तोवरचा खर्च सुमारे २० लाख युरो होता. या अनुभवाच्या बळावर डेन्मार्कने २०१३ पासून आपली इतर मूलभूत माहितीही खुली केली. स्पेनमधील कातालोनियाची पाहणीही पाहण्यासारखी आहे. तेथील प्रादेशिक व्यवस्थेवर चार वर्षांत सुमारे १५ लाख युरो खर्च झाले होते. अभ्यासकांनी वीस स्थानिक संस्थांत जाऊन कर्मचाऱ्यांचे किती तास वाचले हे विचारले आणि त्यावरून हिशेब मांडला, तेव्हा सारी गुंतवणूक साधारण सहा महिन्यांत भरून निघते असे आढळले. शिवाय लहान गावांच्या संस्थांना मोठ्या शहरांच्या तोडीचे काम करता येऊ लागले. क्रमवारीच्या आकड्यात हा लाभ कोठेही दिसला नसता.

याउलट, माहिती मोफत आहे पण पीडीएफच्या चित्ररूपात आहे, किंवा तिची शेवटची सुधारणा केव्हा झाली याचा उल्लेख नाही, असे असेल तर मोफत असूनही तिचा उपयोग जेमतेम होतो. भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७ मध्ये ‘नक्शे’ पोर्टलवरून खुल्या मालिकेचे स्थलदर्शक नकाशे मोफत दिले, याचे मी मनापासून स्वागत केले होते. मात्र ते पीडीएफमध्ये होते; त्यांवरून नदी किंवा रस्ता स्वतंत्र थर म्हणून उचलून आपल्या कामात घेता येत नव्हता.

प्रश्न : मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. शंकू-साखळीपासून उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणाऱ्या रोव्हरपर्यंत सगळे हाताळले. आज सातबारा ऑनलाइन आहे, गट नकाशाही ऑनलाइन आहे. पण तो उपग्रहचित्रावर ठेवला की बांध जुळत नाहीत आणि वनखात्याची हद्द शेतात शिरलेली दिसते. वर्तमानपत्रांत मात्र भारताने भूस्थानिक क्षेत्रात झेप घेतल्याचे वाचतो. यांतले खरे काय, आणि सामान्य माणसाने प्रगती ओळखावी कशावरून? (निवृत्त भूकरमापक, सातारा)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि दोन्ही एकाच वेळी कसे खरे असू शकते हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला सांगण्याची गरज नसावी. तरीही इतर वाचकांसाठी लिहितो.

झेप घेतली गेली ती कायदा आणि धोरणाच्या वाटेवर. ज्या देशात संरक्षणाच्या कारणाने नकाशे दशकानुदशके बंदिस्त होते, तेथे २००५ च्या नकाशा धोरणाने संरक्षण मालिका आणि खुली मालिका अशी विभागणी केली. २०१२ मध्ये सरकारी माहितीच्या वाटपाचे धोरण आले. २०१६ मध्ये मात्र एका विधेयकाचा मसुदा पुढे आला, ज्यात परवानगीविना भूस्थानिक माहिती बाळगण्याला शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवला होता. ते विधेयक पुढे गेले नाही, हे बरे झाले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांसाठी पूर्वपरवानगीची अट काढली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण जाहीर झाले. पाच-सहा वर्षांच्या अंतराने एखाद्या देशाने इतकी दिशा बदलणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परदेशी मूल्यमापन करणारा हे कागद पाहतो आणि भारताला चांगले गुण देतो. त्यात त्याची चूक नाही.

आपण सांगता ती विसंगती माहितीच्या वाटेवरची आहे. आपले गावनकाशे ज्या काळी झाले, त्या काळी प्रत्येक गाव साखळीने किंवा प्लेन टेबलाने आपल्यापुरते मोजले गेले. गावाच्या आत बांधांची मापे एकमेकांशी जुळत. पण त्या गावाचा सांगाडा देशाच्या त्रिकोणमितीय जाळ्याला पक्का बांधलेला नव्हता. शंभर वर्षे कागद हाताळला गेला, घडीवर फाटला, दमट हवेत आकसला. तोच स्कॅन करून उपग्रहचित्रावर चार-दोन खुणांच्या आधारे ताणून बसवला, की ओढ्याकाठचा बांध जुळतो आणि माळावरचा सरकतो. वनखात्याची हद्द राजपत्रातील अधिसूचनेच्या वर्णनावरून आणि त्या खात्याच्या वेगळ्या नकाशावरून आलेली असते. दोन्ही थर आपापल्या घरी बरोबर आहेत, शेजारी ठेवले की भांडतात. हे भांडण पोर्टलने मिटत नाही. शेतात उभे राहून, दोन्ही खात्यांच्या माणसांनी एकाच रोव्हरवर खुणा घेऊन आणि त्या खुणांना कायदेशीर मान्यता देऊन ते मिटते. भारतीय सर्वेक्षण विभागाने उभारलेल्या संदर्भ केंद्रांच्या जाळ्यामुळे काही सेंटिमीटरच्या अचूकतेने खूण घेणे आता आवाक्यात आले आहे. कमतरता आहे ती संयुक्त मोजणीला लागणाऱ्या मनुष्यबळाची आणि निर्णयाच्या अधिकाराची.

यात एक धोकाही आहे. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला १४ अंक-अक्षरांचा विशिष्ट क्रमांक देण्याची जी योजना आहे, ती त्या तुकड्याच्या कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांवर उभी आहे. पायाचा नकाशा सरकलेला असताना क्रमांक दिला, तर क्रमांक दिलेल्या तुकड्यांचा आकडा दरवर्षी फुगत जाईल, अहवालात ती प्रगती म्हणून दिसेल आणि चूक मात्र क्रमांकात कायमची कोरली जाईल. स्वामित्व योजनेबद्दलही हेच भान ठेवावे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा जो प्रयोग झाला, त्याच धर्तीवरचे काम २४ एप्रिल २०२० रोजी देशव्यापी योजना म्हणून सुरू झाले, याचा महाराष्ट्राला रास्त अभिमान असावा. पण ती योजना गावठाणापुरती आहे. शिवारातील बांधांचा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही, म्हणून तिचे यश शेतजमिनीच्या नकाशाचे यश म्हणून मोजता येणार नाही.

खात्याखात्यांच्या नकाशांचे भांडण फक्त आपल्याकडेच नाही. इंडोनेशियात २०१० च्या सुमारास वनांचे क्षेत्र दाखवणारे दोन मंत्रालयांचे दोन वेगळे नकाशे राष्ट्राध्यक्षांसमोर आले आणि खरा कोणता हे कोणालाच सांगता येईना. त्यातून ‘एक नकाशा’ धोरण जन्माला आले. २०११ मध्ये भूस्थानिक माहितीचा कायदा झाला, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या नियमाने ८५ विषयांचे नकाशे १:५०,००० प्रमाणावर एकाच पायावर आणण्याचे ठरले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्याचे पोर्टल खुले झाले. मला तेथील पद्धत अनुकरणीय वाटते ती अशी, की नकाशे गोळा करणे ही पहिली पायरी धरली गेली, सर्वांना एका पायावर बसवणे ही दुसरी, आणि जेथे खाण, जंगल आणि मळे यांचे हक्क एकमेकांवर चढतात त्या जागा शोधून तंटे सोडवणे ही त्यापुढची. तंटे सुटायला कितीतरी जास्त काळ लागतो आहे; तरी किती क्षेत्रावर हक्क एकमेकांवर चढले आहेत हे मोजून उघड करणे, हीच प्रगती मी मानतो. आपल्याकडे गट नकाशा आणि वनहद्द यांचा असा तालुकावार हिशेब प्रसिद्ध झाला, तर तो कोणत्याही क्रमवारीपेक्षा बोलका ठरेल.

प्रगती ओळखावी कशावरून, हे आपण विचारलेत. मी दोन-तीन साध्या गोष्टी पाहतो. एखाद्या गावाची जनगणनेतील लोकसंख्या, ग्रामपंचायतीची हद्द आणि पाणलोटाचा नकाशा हाताने काहीही न जुळवता एकत्र ठेवता येतात का? पिंपळगाव नावाची गावे आपल्याकडे कितीतरी आहेत, आणि इंग्रजी अक्षरांत तेच नाव प्रत्येक खाते वेगळे लिहिते. २०११ च्या जनगणनेचा गावाचा क्रमांक वेगळा, स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक वेगळा. दोघांची सांगड घालणारा तक्ता सर्व खाती वापरू लागली, तर लाखो रुपयांच्या पोर्टलपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल. दुसरे, प्रत्येक थरावर शेवटची सुधारणा कधी झाली ही तारीख आहे का? तिसरे, चूक कळवण्याची सोय आहे का, आणि कळवलेल्या चुकीचे पुढे काय झाले ते दिसते का?

२०२२ च्या धोरणाने २०३० पर्यंत शहरे आणि गावांचे ५ ते १० सेंटिमीटर तपशिलाचे, तर वने आणि पडीक जमिनींचे ५० ते १०० सेंटिमीटर तपशिलाचे सर्वेक्षण करण्याचे लक्ष्य ठेवले आहे. या लक्ष्याचा वार्षिक अहवाल निघेल तेव्हा त्यात किती चौरस किलोमीटर उडून मोजले, एवढाच आकडा नसावा. त्या मोजणीतून किती गावांचे गट नकाशे कायदेशीररीत्या सुधारले गेले, वन आणि महसूल यांच्या किती हद्दी संयुक्त मोजणीने ठरल्या, नागरिकांनी कळवलेल्या किती चुकांपैकी किती दुरुस्त झाल्या आणि सरासरी किती दिवसांत, हेही छापले पाहिजे. आपण आणि आपले निवृत्त सहकारी आपापल्या तालुक्यात न जुळणाऱ्या बांधांची आणि हद्दींची यादी गटक्रमांकासह करू शकता. जुन्या टिपणांतील मापे आणि फाळणीचे (जमिनीच्या पोटविभागणीचे) नकाशे वाचू शकणारी माणसे खात्यात झपाट्याने कमी होत आहेत, आणि ही यादी तयार करायची तर ती याच पिढीकडून व्हायला हवी. यादी झाल्यास तिची एक प्रत जिल्हा अधीक्षक, भूमी अभिलेख यांना द्या आणि एक आमच्याकडे पाठवा. या सदरात तिच्यावर सविस्तर लिहीन.